बादशहाचा जबडा

“पिशवी उजेडाकडे धर,” दस्तगीरचाचा म्हणाले. “आणखी वर. अगं हलवू नकोस, हात आहे का पाळणा?”

पुण्याहून सहा तास एसटीत मांडीवर घेऊन आणलेली पिशवी मी दुकानाच्या दारात दोन्ही हातांनी वर धरली. दुपारचे तीन वाजले होते. ऊन पिशवीतल्या पाण्यातून गाळून चाचांच्या पांढऱ्या दाढीवर पडत होतं आणि त्या हिरवट उजेडात एका मादी माशाची सावली हळूच पुढेमागे सरकत होती. चाचांनी मान एकीकडे तिरकी केली, मग दुसरीकडे. काचबिंदूनं त्यांची बाजूची नजर केव्हाच गेली होती. समोर एक झरोक्याएवढं उरलं होतं, तेही धूसर.

“ही पट्टेवाली नाही,” ते म्हणाले.

मी पिशवी आणखी वर उचलली. “चाचा, नीट बघा की. दोन-दोनदा तपासून आणलीय.”

“खोगीर आहे हे. खोगीर उचलून आणलंस, त्रिशला! सहा महिने काय शिकवलं मी तुला? कपाळ माझं!”

आता हे पट्टेवाला-खोगीर प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका माशावरून एवढा तमाशा कशाला. मासा म्हणजे बिचिर. आफ्रिकेतल्या नद्यांतला. लांबोडकं अंग, चिलखतासारखे कडक खवले, पाठीवर एका रांगेत सुटे सुटे छोटे पर. पाण्यात राहतो, पण मधूनच वर येऊन तोंड उघडतो आणि हवेचा घोट घेऊन परत तळाशी जातो. त्याच्या पुष्कळ जाती. त्यातल्या दोन जातींची इंग्रजी नावं चाचांच्या जिभेला झेपत नव्हती, म्हणून त्यांनी आपली ठेवली होती, पट्टेवाला आणि खोगीरवाला. पट्टेवाल्याच्या पाठीवरून पोटाकडे काळसर पट्टे उतरतात. खोगीरवाल्याचेही उतरतात, फक्त वर रुंद आणि खाली निमुळते, घोड्यावर खोगीर टाकावं तसे. सांगायला सोपं आहे हो. टाकीत बघायला जावं तर एखाद्या खोगीरवाल्याचे डाग पोटापर्यंत लांबलेले, एखाद्या पट्टेवाल्याचे मध्येच तुटलेले, आणि प्रवासानं भेदरलेला मासा तर सगळाच फिका पडतो. म्हणून चाचांचा नियम होता, आधी जबडा बघायचा. पट्टेवाल्याचा वरचा जबडा पुढे आलेला असतो, खोगीरवाल्याचा खालचा. नुसत्या पट्ट्यांवर जाणारा फसतो, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

आणि सांगली-कोल्हापूरचे झाडून सगळे मासेवाले जात ओळखायला त्यांच्याकडेच यायचे. मासा पिशवीत घालून आणायचे, चाचा बघायचे, सांगायचे, आणि विषय संपायचा.

त्यांचं दुकान मिरजेत सतारमेकर गल्लीत होतं. भाऊ-पुतणे शेजारीच तंबोरे बनवायचे. ह्यांनी एकट्यानं तो धंदा सोडून शोभेचे मासे धरले, त्याबद्दल घरातल्यांनी जन्मभर टोमणे मारले. दुपारी गल्ली सुस्तावली की भिंतीपलीकडे कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत बसायचं. तार छेडायची, ऐकायची, तारेखालची घोडी किंचित घासायची, पुन्हा छेडायची. तो आवाज भिंतीतून टाक्यांच्या पाण्यात उतरतोय असं मला वाटायचं. चोवीस टाक्या, त्यांचा हिरवा उजेड, हवेच्या नळ्यांची बुडबुड. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि त्या दुकानात पाऊल टाकलं की माझा मीपणाच विरघळून जायचा. चौगुल्यांच्या जैन घरातली पोरगी माशांना कोळंबी सोलून घालते म्हणून आई मला मागच्या दारानं घ्यायची आणि आंघोळ झाल्याशिवाय चुलीकडे फिरकू द्यायची नाही. मी आंघोळ करायची आणि सकाळी परत दुकानात हजर.

सगळ्यात मोठ्या टाकीत बादशहा होता. चाचांचा लाडका पट्टेवाला. बोटाएवढा होता तेव्हा आणलेला, सहा वर्षांत दीड फुटाचा झालेला. पट्टेवाले सहसा फुटाच्या वर फारसे जात नाहीत, पण चाचा म्हणायचे, “माझ्या हातचं खातोय तो. वाढणारच की.” त्याला मादी आणायची, जोडी लावायची आणि पिल्लं बघायची, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. बिचिरच्या पिल्लांना डोक्यामागं दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तुरे असतात, पिसांसारखे, बाहेर आलेले. मोठं होताना ते झडून जातात. चाचांनी ते फक्त चित्रात पाहिले होते. डॉक्टरांनी नजरेला एक वर्ष दिलं होतं, फार तर सव्वा. म्हणून मला पुण्याच्या घाऊक बाजारात पाठवलं होतं.

“बादशहाचे पट्टे बघ आणि हिचे बघ,” चाचा टाकीवर बोट आपटत म्हणाले. “आहे का काही मेळ? ठेव तिला कोपऱ्यातल्या टाकीत. मी नमाज पढून येतो, मग बोलतो तुझ्याशी.”

ते गेले. मी मादीला टाकीत सोडलं आणि काचेला नाक लावून बसले. वरचा जबडा पुढे. स्वच्छ दिसत होता. मी चुकले नव्हते! माझा संताप संताप झाला. म्हटलं, आता दोघांचे जबडे शेजारी शेजारी दाखवते आणि बोलतीच बंद करते ह्यांची. कोळंबीचा तुकडा घेतला आणि बादशहाच्या टाकीत धरला. तो तळातून उठला, सावकाश, सगळी दुपार त्याच्या मालकीची असल्यासारखा. वर आला. तोंड माझ्या बोटांशी आणलं.

त्याचा खालचा जबडा पुढे होता.

मी तुकडा सोडला नाही. पुन्हा बघितलं. बाजूनं बघितलं, खालून बघितलं. खालचाच. दीड फूट लांबी, पाठीवर रुंद आणि खाली निमुळते डाग. बादशहा पट्टेवाला नव्हताच. सहा वर्षं तो खोगीरवालाच होता, आणि सहा वर्षं चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्याकडे बोट दाखवून सांगत होते, अस्सल पट्टेवाला बघायचाय? हा बघा. बोटाएवढा आणला तेव्हा त्यांना पट्ट्यांशिवाय काही ठाऊक नव्हतं. जबड्याचं मागाहून कळलं. तोवर तो घरचा झाला होता, आणि आपल्याच पोराचं नाक कोण तपासत बसतं? आता तपासायचं म्हटलं तरी जबड्याची रेघ त्यांना दिसण्यातली नव्हती.

तेवढ्यात खैरूनचाची चहा घेऊन आतल्या दारातून आली. चहा ठेवला आणि तशीच उभी राहिली.

“काय झालं, चाची?”

“आज सकाळी मी दारात उभी होते,” ती म्हणाली. “ह्यांनी मला ‘अम्मी’ म्हणून हाक मारली. त्यांची अम्मी जाऊन वीस वर्षं झाली, पोरी. मग ओळखलं. हसले.” पदरानं डोळे पुसून ती आत गेली.

मी तिथंच बसले होते, कोळंबीचे हात घेऊन. चाचा परत आले. टोपी काढून खिशात घातली आणि म्हणाले, “हां, बोल. जबडा बघितला होतास का नाही?”

आता सांगावं असं ओठांवर आलं होतं. त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होते.

“चुकलं, चाचा,” मी म्हणाले. “घाईत पट्ट्यांवरच गेले.”

त्यांचा राग झटकन उतरला. तसाच होता तो. “असू दे,” ते म्हणाले. “मी काय कमी चुकलोय? परत जा. बादशहासारखी आण.”

बादशहासारखी! म्हणजे खोगीरवाली. मला तर सुटल्यासारखंच झालं. नाव काही का असेना, जोडी तर जुळेल. पिल्लं झाली की झालं, तुरे तर त्यांनाही असतात. काय हुशार आहे मी, असंच वाटलं होतं हो. चाचांनी पहिली मादी जयसिंगपूरच्या मगदूम सरांना देऊन टाकली. मगदूम सर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकलेचे मास्तर, माशांचे वेडे. “खोगीर आहे, सांभाळा,” म्हणून चाचांनी त्यांना बजावून दिली आणि सर पिशवी छातीशी धरून घेऊन गेले.

पुण्यात खोगीरवाली मादी मिळाली, पण जेमतेम वीतभर. शेपटीजवळचा खालचा पर अरुंद, म्हणजे मादीच. घाऊकवाला म्हणाला, “ताई, ही जात मोठी होते, वयात यायला चार-पाच वर्षं धरा. पिल्लं हवीत तर पट्टेवाली न्या, ती फुटाची झाली की अंडी देते.”

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. आणि वीतभर मादी पिशवीत घालून परत आले.

चाचांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. “बघ! आता बरोबर आणलीस. डिट्टो बादशहा! लहान आहे, पण वर्षाच्या आत होईल मोठी.”

मग ते वर्ष सुरू झालं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर वर्ष होतं ते, लाज वाटते सांगायला. चाचांनी कुठंतरी ऐकलं होतं की नदीला नवं थंड पाणी आलं की बिचिर अंडी घालतात. म्हणून दर दुपारी मी माठातलं पाणी बागेच्या झारीत भरायची आणि स्टुलावर चढून टाकीवर पाऊस पाडायची. चाचा खाली खुर्चीत डोळे मिटून बसायचे. झारीची सर पाण्यावर पडायची, भिंतीपलीकडे तार छेडली जायची, पाण्याचा उजेड छतावर हलायचा. तेवढ्यात ‘गप्प’ असा एक बारीक आवाज. कुणीतरी वर येऊन हवेचा घोट घेतलेला.

“बादशहा,” चाचा डोळे न उघडता सांगायचे. आणि थोड्या वेळानं, “ही बेगम.”

एकदाही चुकले नाहीत. तारेतला केसभर फरक ऐकणाऱ्यांच्या घरातलाच कान तो.

“त्रिशला, पोट भरलंय का गं तिचं?”

“थोडं वाटतंय, चाचा.”

“शेवाळ नीट लावलंस ना? अंडी त्यात टाकतात. टाकली की लगेच काढायची बरं, नाहीतर हेच दोघं मटकावतील.”

“लावलंय, चाचा.”

शेवाळ लावलेलं असायचं. पोट काही भरलेलं नसायचं. बेगम वीतभराची दीड वीत झाली होती, आणि माझ्या डोक्यात घाऊकवाल्याची चार-पाच वर्षं होती. तीनदा मी सांगायला गेले. एकदा चाची मध्ये आली. एकदा कोल्हापूरहून दोघे मासेवाले आले आणि चाचा त्यांना बादशहा दाखवत बसले. तिसऱ्यांदा कुणीही आलं नव्हतं, दुकान रिकामं होतं, आणि मी नुसतीच झारी भरून आणली.

दिवाळीनंतर चाचांचा झरोका आणखी लहान झाला. संक्रांतीला त्यांनी तिळाच्या वड्यांच्या ताटात हात घालून विचारलं, ह्या पांढऱ्या आहेत की पिवळ्या. मार्चमध्ये एका सकाळी ते टाकीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत.

“दिवा लावलेला नाहीस का?” त्यांनी विचारलं.

दिवा लागलेला होता. मी तसं सांगितलं. ते “बरं” म्हणाले आणि चाचपडत खुर्चीत जाऊन बसले. दुपारी मी झारी घेऊन स्टुलावर चढले तर म्हणाले, “आज नको. राहू दे आता.”

मे महिन्यात मगदूम सरांचा फोन आला. मीच घेतला. सर आनंदानं अक्षरशः ओरडत होते. “चाचांना घेऊन ये! त्यांच्या मादीनं पिल्लं दिलीत. बिचिरची पिल्लं! आपल्या भागात कुणाकडे झाली नव्हती आजवर!”

मी चाचांना सांगितलं. ते उठलेच. स्वच्छ सदरा घातला, चाचीनं अत्तराचा फाया दिला, आणि आम्ही रिक्षानं जयसिंगपूरला गेलो. वाटेत ते एकच वाक्य दोनदा बोलले, “खोगीरनं दिली पिल्लं. बघ, नशीब तिचं.” मी रिक्षाबाहेर बघत बसले. उसाचे फड मागं पळत होते आणि हा रस्ता कधी संपूच नये असं मला वाटत होतं.

सरांच्या व्हरांड्यात रुंद तोंडाचा पांढरा टब होता आणि त्यात साठ-सत्तर पिल्लं. शेजारच्या टाकीत आईबाप.

“या चाचा, बसा,” सर म्हणाले. “एक गंमत सांगतो. तुम्ही खोगीर म्हणून दिलीत, मीही तसंच धरून चाललो होतो. नर आणला तो नेमका पट्टेवाला. म्हटलं, काय जुळतंय! पण जुळलं. गेल्या महिन्यात पुण्याचा एक जाणकार आला होता, त्यानं जबडे बघितले आणि हसायलाच लागला. दोन्ही पट्टेवालेच आहेत म्हणाला. तुमच्या पारखीला पहिल्यांदाच चकवा बसला बघा!” सरांच्या मनात काही वाकडं नव्हतं. “चहा टाकतो,” म्हणून ते आत गेले.

चाचांनी सदऱ्याची बाही वर सारली. मग म्हणाले, “मादीच्या टाकीत माझा हात घाल.”

मी कोळंबीचा तुकडा त्यांच्या बोटांत दिला आणि मनगट धरून हात पाण्यात नेला. मादी वर आली. तिनं तुकडा धरला तेव्हा चाचांचं बोट तिच्या ओठावरून फिरलं, एकदाच, अलगद. त्यांनी हात बाहेर काढला. पुसला नाही. पाणी थेंबथेंब गुडघ्यावर गळत होतं.

“बादशहाचा?” त्यांनी विचारलं.

“खालचा पुढे आहे, चाचा.”

“तुला कधी कळलं?”

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी घेतली नाही. आता तिचा उपयोगही नव्हता. “हिला आणली त्याच दुपारी. तुम्ही नमाजला गेला होता तेव्हा.”

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. चाचांनी मान हलवली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर किती बरं झालं असतं!

“म्हणजे तेव्हा मला दिसत होतं,” ते म्हणाले.

“चाचा, मला वाटलं तुम्हाला लागेल. चाचीला तुम्ही अम्मी म्हणून हाक मारली होती त्या दिवशी, आणि मला...”

“लागलं असतं. का लागू नये? एक दिवस जेवलो नसतो. गल्लीनं हसून घेतलं असतं, भावांनी चार टोमणे जास्त मारले असते. दुसऱ्या दिवशी हिलाच घरी ठेवून नर शोधायला निघालो असतो की गं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मासा ओळखायला चुकलो म्हणून मेलो नसतो, त्रिशला. डोळे जात होते माझे. मी काय काचेचा होतो?”

मी रडायला लागले. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. त्यांनी रडू दिलं. ‘जाऊ दे’ म्हणाले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. मी आपोआप थांबेपर्यंत वाट बघितली.

मग म्हणाले, “टबापाशी बस. सांग मला, कशी आहेत.”

मी टबावर वाकले. ऊन थेट तळापर्यंत गेलं होतं. “बोटाच्या दोन पेरांएवढी आहेत, चाचा. अंगावर सोनेरी रेघा आहेत, पट्टे अजून उठले नाहीत. डोकं मोठं आहे, जरा चपटं. डोळे दोन काळे ठिपके.”

“आणि तुरे?”

“आहेत. दोन्ही बाजूंना. पिसासारखे, मधे एक दांडी आणि दोन्हीकडे बारीक केस. लालसर. पिल्लू थांबलं की तुरे मागेपुढे हलतात, त्याला वारं लागल्यासारखे. एक आत्ता वर आलं. एवढंसं तोंड उघडून घोट घेतला त्यानं. आवाज आला का तुम्हाला?”

“नाही आला,” चाचा म्हणाले. ते पुढे झुकले होते. सगळा चेहरा टबाच्या दिशेनं लावला होता, ओठ किंचित उघडे. मी सांगत राहिले, एकेका पिल्लाबद्दल, सापडेल तो शब्द घेऊन. पिल्लांचा रंग, त्यांच्या सावल्या, एक जरा वाकड्या शेपटीचं होतं तेही. मी इतकं नीट आयुष्यात कधी काही पाहिलं नव्हतं.

मी थांबले तेव्हा त्यांनी हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

“खरं सांगतीस ना?” त्यांनी विचारलं.

“खरं, चाचा. शपथ.”

सर चहा घेऊन आले.

चाचांनी मला दुकानातून काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी येणाऱ्या प्रत्येक मासेवाल्याला ते स्वतः सांगायला लागले की बादशहा खोगीरवाला आहे, मी सात वर्षं चुकलो, आता जात ओळखायची तर त्रिशलाला विचारा. त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. गल्ली हसली, भावांनी टोमणे मारले, आणि आठवड्यात सगळे विसरले.

त्यानंतर चाचा नऊ वर्षं होते आणि नऊ वर्षं मी त्यांना सगळं सांगितलं. पाण्याचा रंग, आलेल्या माशांचे पट्टे, चाचीनं कुठली साडी नेसलीय, अंगणातल्या डाळिंबाला फूल आलंय का. दर वेळी ते पूर्ण ऐकून घ्यायचे, मग तेवढंच विचारायचे, “खरं सांगतीस ना?” रागानं नाही. चौकशी करावी तसं. मी म्हणायची, “खरं, चाचा,” आणि ते मान हलवायचे.

त्या नऊ वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही खोटं बोलले नाही. पण त्यांना ते कळणार कसं?